बर्फाळ उतारावर जाण्याआधी: हिमस्खलनाचा धोका जोखण्याचा क्रम

ग्रुप उताराच्या पायथ्याशी येऊन थांबतो. कोणीतरी सॅकमधून फावडं काढतं, बर्फाचे थर कच्चे आहेत का ते बघायला भराभर खड्डा खणतं, बर्फाच्या खांबावर दहा-वीस थापा मारतं, खांब पडत नाही आणि सगळे निघतात. हे मी इतक्या वेळा पाहिलंय की आता खड्डा खणायला सुरुवात झाली की मी आधी बाकीच्यांचे चेहरे बघतो. निर्णय तिथे आधीच झालेला दिसतो.

थापा मारायला बहुतेकांना येतं. चुकतो तो क्रम. कोणता उतार चढायचा हे कॅम्पवर ठरून गेलेलं असतं, चार तासांची चाल झालेली असते, शिखर समोर असतं आणि खड्ड्याकडून फक्त मंजुरीचा शिक्का हवा असतो. एवढा भार एका खड्ड्याने पेलणं शक्य नाही. शेजारच्या पन्नास मीटरवर काय आहे हेसुद्धा तो खात्रीने सांगू शकत नाही. म्हणून खालच्या क्रमात खड्डा सहाव्या टप्प्यावर येतो, आणि त्याला उतार रद्द करण्याचा अधिकार आहे, मंजूर करण्याचा नाही.

एक गोष्ट आधीच सांगतो. बीकनने, म्हणजे अंगावर बांधायच्या सिग्नल पाठवणाऱ्या आणि पकडणाऱ्या यंत्राने, गाडलेला माणूस शोधणं वाचून येत नाही. प्रत्यक्ष बर्फावरचा कोर्स केला नसेल तर हा लेख फक्त त्याची पूर्वतयारी समजा.

## टप्पा १: आदल्या संध्याकाळी बुलेटिन शेवटपर्यंत वाचा

बुलेटिन म्हणजे हिमस्खलनाच्या धोक्याचा जाहीर होणारा अंदाज. त्यात धोका पाच पातळ्यांत सांगतात: १ कमी, २ मध्यम, ३ लक्षणीय, ४ जास्त, ५ अतिशय जास्त. युरोपातल्या देशांनी ही समान मोजपट्टी १९९३ मध्ये स्वीकारली. उत्तर अमेरिकेतली पट्टीही पाच पातळ्यांचीच आहे.

इथली नेहमीची चूक म्हणजे आकडा पाहून मोबाईल खिशात टाकणं. पाचातला ३ म्हणजे 'बरोबर मधला', म्हणजे 'चालेल', असा हिशोब मनात आपोआप होतो. पण या पायऱ्या सारख्या उंचीच्या नाहीत. प्रत्येक पायरीला धोका पटीने वाढतो. पातळी ३ ला अनेक तीव्र उतारांवर एका माणसाच्या वजनानेही बर्फ सुटू शकतो. ४ आणि ५ ला लोक मुळात बाहेर पडत नाहीत, त्यामुळे सर्वाधिक मृत्यू ३ च्या दिवशी होतात.

आकड्यानंतर तीन गोष्टी वाचा. धोका किती उंचीच्या वर आहे? कोणत्या दिशेला तोंड असलेल्या उतारांवर आहे? आणि तो कोणत्या प्रकारचा आहे? प्रकार महत्त्वाचा, कारण त्यावरून पुढे डोळे कुठे ठेवायचे ते ठरतं.

- ताजा बर्फ: नुकताच पडलेला, अजून न बसलेला. एक-दोन दिवसांत बहुधा निवळतो.
- वाऱ्याने रचलेला स्लॅब, म्हणजे एकसंध लादीसारखा सुटणारा थर: वाऱ्याच्या आडोशाच्या बाजूला, कड्याच्या मागे, घळीत साचलेला. हा बऱ्याचदा डोळ्यांनी ओळखता येतो.
- खोलवरचा जुना कच्चा थर: वरून काहीच दिसत नाही. आठवडेच्या आठवडे तसाच राहतो. यावरून दहा जण सुखरूप गेले म्हणून अकरावा सुखरूप जाईलच असं नाही.
- ओला बर्फ: ऊन किंवा पावसाने पाणी मुरलेला. घड्याळाशी बांधलेला धोका.
- घसरता बर्फ: गवताळ किंवा गुळगुळीत खडकाच्या उतारावरून जमिनीपासून पूर्ण थर सरकतो. रुंद भेग पडलेली दिसली तर तिच्याखाली थांबूच नका. हा कधी सुटेल ते कोणी सांगू शकत नाही.

या पाचांपैकी तिसऱ्याशी मी पंगा घेत नाही. बुलेटिनमध्ये तो शब्द दिसला की मी ३० अंशांच्या वरचे सगळे बेत खोडून टाकतो, आकडा २ असला तरी.

अनेक डोंगररांगांमध्ये बुलेटिन निघतच नाही. तिथे निरीक्षण काही वेगळं सांगेपर्यंत पातळी ३ आहे असं धरून चाला.

तपासा: मोबाईल बंद करा आणि आठवणीतून सांगा: किती उंचीच्या वर, कोणत्या दिशेला, कोणता प्रकार. तिन्ही आठवत नसतील तर बुलेटिन वाचलेलं नाही, चाळलेलं आहे.

## टप्पा २: गेल्या आठवड्याचं हवामान मांडून बघा

उद्याचा अंदाज सगळेच बघतात. बर्फाचे थर मात्र कालच्या, परवाच्या आणि गेल्या महिन्यातल्या हवेने रचलेले असतात.

चार गोष्टी वहीत लिहा. गेल्या २४ तासांत किती बर्फ पडला? ३० सेंटीमीटर म्हणजे स्पष्ट धोक्याची खूण. जोराचा वारा आणि कडक थंडी असेल तर १०-२० सेंटीमीटरही पुरतो. वारा कुठून आणि किती वेगाने होता? भुसभुशीत बर्फ ताशी २५ किलोमीटरच्या आसपासच्या वाऱ्यानेही उडू लागतो आणि आडोशाच्या बाजूला, आभाळातून पडतो त्याच्या कितीतरी पट वेगाने साचतो. म्हणजे आकाश निरभ्र असतानाही एखाद्या उतारावर नवा थर चढत असतो. तापमान झपाट्याने वाढलं का? आणि बर्फावर पाऊस पडला का? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर 'हो' असेल तर त्या दिवशीचा बेत रद्द करा.

आता थोडं आतलं. बर्फाच्या थराखाली, जमिनीलगत, तापमान साधारण शून्याच्या आसपास असतं. वरची हवा उणे १२ अंश आणि बर्फ फक्त ६० सेंटीमीटर असेल, तर तेवढ्याशा जाडीत १२ अंशांचा फरक, म्हणजे दर १० सेंटीमीटरला २ अंश. दर १० सेंटीमीटरला १ अंशापेक्षा जास्त फरक पडू लागला की खालची वाफ वर सरकते आणि बर्फाचे कण एकमेकांना धरून न राहता सुटे, टोकदार, रवाळ होतात. मुठीत धरले तर जाड साखरेसारखे बोटांतून गळतात. तेच २ मीटर बर्फ असेल तर फरक दर १० सेंटीमीटरला ०.६ अंश, आणि कण हळूहळू गोल होऊन एकमेकांना चिकटतात.

म्हणूनच 'यंदा बर्फ कमी आहे, धोका कमी' हा समज उलटा आहे. मोसमाच्या सुरुवातीचा पातळ बर्फ आणि लांबलेली कोरडी थंडी मिळून तळाशी कच्चा थर तयार करतात, आणि पुढे महिनाभराने त्याच्यावर जड बर्फ येऊन बसतो.

सावधान: वादळानंतरचा पहिला निळ्या आकाशाचा दिवस सर्वांत फसवा. उतार भरलेले असतात, ऊन पहिल्यांदाच लागतं आणि चार दिवस कोंडलेली माणसं सगळी एकदम बाहेर पडतात.

## टप्पा ३: नकाशावर कोन मोजा

स्लॅब बहुतेक ३० ते ४५ अंशांच्या उतारांवर सुटतात. सर्वाधिक ३८ अंशांच्या आसपास. कोन हा असा घटक आहे जो रात्रीतून बदलत नाही आणि जो तुम्ही घरी बसून मोजू शकता. तरीही तो डोळ्यांच्या अंदाजावर सोडला जातो, आणि खालून पाहताना डोळे फसतात.

१:२५,००० च्या नकाशावर समोच्च रेषांमध्ये २० मीटरचं अंतर असेल, तर दोन रेषांमधली जागा १.४ मिलिमीटर असताना उतार ३० अंश होतो. ती ०.८ मिलिमीटर असेल तर ४५ अंश. पारदर्शक पट्टीवर या दोन खुणा करून ठेवा. मोबाईलवरचे रंगीत उतार-नकाशे सोयीचे असतात, पण ते मोठ्या चौकटींची सरासरी काढतात. पंधरा मीटरचा उभा टप्पा त्यांत गुळगुळीत होऊन गायब होतो, आणि स्लॅब सुटायला तेवढा टप्पा पुरतो.

कोन पाहताना तीन ठिकाणं वेगळी तपासा. पहिलं, तुमची वाट. दुसरं, वाटेच्या वरचा उतार. तुम्ही १५ अंशांवर आरामात चालत असाल, पण डोक्यावर ३८ अंशांचा, बर्फाने भरलेला कटोऱ्यासारखा खोलगट उतार असेल तर तुम्ही त्याच्या वाटेत उभे आहात. तिसरं, वाटेच्या खालचा भाग: घळ, ओढ्याचं पात्र, कडा, खडक, झाडी. छोटं स्खलनही माणसाला घळीत लोटून दोन मीटर खोल गाडू शकतं.

स्विस पर्वतमार्गदर्शक व्हेर्नर मुंटर यांनी एक सोपी कसोटी रूढ केली. पातळी २ असेल तर ४० अंशांखाली राहा, ३ असेल तर ३५ खाली, ४ असेल तर ३० खाली. कोन नेहमी उतारातल्या सर्वांत उभ्या भागाचा धरायचा, सरासरीचा नाही. पातळी २ ला वाटेच्या आजूबाजूचा भाग बघा, ३ ला सगळा उतार, ४ ला वरचे आणि शेजारचे उतारसुद्धा. ही हमी नाही, बाहेरची कुंपणरेषा आहे. आत आल्यावरही बाकीचं सगळं तपासायचंच.

शेवटी दोन पर्यायी वाटा आखा. त्यांतली एक पूर्णपणे ३० अंशांखालची आणि वरून काही येणार नाही अशी हवी. परत फिरायची वेळही आत्ताच लिहा. दुसरी वाट हाताशी नसली की परत फिरणं पराभव वाटू लागतं, आणि मग लोक फिरत नाहीत.

## टप्पा ४: साहित्य, आणि ते वापरणारे हात

प्रत्येकाकडे बीकन, प्रोब (बर्फात खुपसून गाडलेला माणूस शोधायची लांब काठी) आणि धातूचं फावडं. 'ग्रुपमध्ये दोन आहेत' हे चालत नाही, कारण ती दोघंच गाडली जाऊ शकतात. बॅटऱ्या उत्पादकाने सांगितलेल्या प्रकारच्याच घाला आणि अर्ध्या उतरल्या की बदला. बीकन कपड्यांच्या आतल्या थरावर, त्याच्या पट्ट्यात किंवा चेनच्या बंद खिशात. मोबाईल, रेडिओ, गरम हातमोज्यांची बॅटरी त्याच्यापासून किमान २० सेंटीमीटर दूर. शोध घेताना किमान ५० सेंटीमीटर. एअरबॅग (स्खलनात फुगवायची सॅकमधली पिशवी) असेल तर चांगलंच, पण झाडावर आपटण्यापासून ती वाचवत नाही.

निघताना एक जण दहा-पंधरा मीटर पुढे जाऊन बीकन शोधावर लावतो आणि बाकीचे एकेक करून त्याच्यासमोरून जातात. मग तो स्वतःचं बीकन पुन्हा प्रक्षेपणावर लावतो, आणि ते दुसरं कोणीतरी तपासतं. शेवटची पायरी विसरली जाते. तपासणी करणाराच दिवसभर अदृश्य राहिला, असं मी एकदा पाहिलंय.

## टप्पा ५: चालताना बर्फ काय सांगतोय ते ऐका

खड्ड्यापेक्षा या टप्प्यावर जास्त माहिती मिळते, आणि तीही फुकट. सगळ्यांत ठळक खुणा अशा:

१. जवळपासच्या, तशाच उतारांवर ताजी स्खलनं. याहून मोठा पुरावा नाही.
२. पायाखाली 'धप्प' असा दबका आवाज आणि बर्फ किंचित खचल्याचा भास. खालचा कच्चा थर कोसळला आणि हवा बाहेर पडली.
३. पावलापासून किंवा स्कीपासून सुटून धावत जाणारी भेग.
४. पोकळ, ढोलकीसारखा आवाज करणारा पृष्ठभाग.
५. उतारावरून आपोआप सुटणाऱ्या बर्फाच्या चेंडूसारख्या गोळ्या, म्हणजे ओलावा वाढतोय.

पहिल्या तीनपैकी एक दिसली तरी त्या दिशेचे आणि त्या उंचीचे ३० अंशांवरचे उतार त्या दिवसापुरते संपले. इथे मतदान घेत बसू नका.

सपाटीवर 'धप्प' झालं तर सुटलो, असं मानू नका. कच्चा थर सलग असेल तर सपाटीवर सुरू झालेली मोड, म्हणजे थराचं तुटणं, वरच्या उतारापर्यंत धावत जाते आणि स्लॅब वरून तुमच्यावर येतो.

वाऱ्याच्या खुणाही वाचा. कड्यावरचा बर्फाचा छज्जा ज्या बाजूला झुकलाय, त्या बाजूच्या उतारावर बर्फ साचलाय. पृष्ठभागावरची नक्षी, खडकांमागे साचलेल्या बर्फाच्या शेपट्या, चकाकी नसलेला खडूसारखा भाग हे सगळं लक्षात घ्या. छज्ज्यावरून चालताना तो वाटतो त्यापेक्षा बराच मागून तुटतो, म्हणून कडेपासून भरपूर अंतर ठेवा.

कोन प्रत्यक्ष मोजायचा असेल तर: सारख्या लांबीच्या दोन काठ्या घ्या. एक काठी थेट उताराच्या दिशेने बर्फावर आडवी दाबून ठसा उमटवा. ठशाच्या वरच्या टोकाला काठीचं एक टोक टेकवून ठेवा आणि खालचं टोक वर उचला. त्या उचललेल्या टोकापासून दुसरी काठी लंबकासारखी सोडा. ती ठशाच्या खालच्या टोकालाच टेकली तर उतार ३० अंश. त्याहून खाली टेकली तर जास्त तीव्र. दर १० सेंटीमीटरला सुमारे ३ अंश. हे सुरक्षित कडेवर करा, उताराच्या मध्यात जाऊन नाही.

तपासा: सकाळी वहीत जे लिहिलं होतं आणि आत्ता जे दिसतंय ते जुळतंय का? बुलेटिनमध्ये वाऱ्याचा उल्लेख नव्हता आणि इथे खडकांमागे शेपट्या दिसतायत, तर डोळ्यांवर विश्वास ठेवा.

## टप्पा ६: खड्डा

आधी माझी चूक सांगतो. जेवायला थांबलो होतो तिथेच, मोठ्या दगडांच्या आडोशाला, मी खड्डा खणला. बर्फ जाड, घट्ट, सगळे थर गोल कणांचे. चाचणीत काहीच फुटलं नाही. साठेक मीटर पुढे गेलो आणि पायाखाली 'धप्प' झालं. एक भेग बुटांच्या समोरून दोऱ्यासारखी सरसर निघून गेली. उतार जेमतेम २० अंशांचा होता म्हणून काही सरकलं नाही. परत येताना त्या भेगेपाशी खणलं, तर ४० सेंटीमीटर खाली बोटभर जाडीचा रवाळ थर. त्याच्यावर हाताची कड टेकवली तशी साखर खाली ओघळली. माझा पहिला खड्डा तांत्रिकदृष्ट्या उत्तम होता, फक्त भलत्या जागी होता.

जागा. जो उतार चढायचा आहे त्याच दिशेला तोंड, साधारण तीच उंची, २५ ते ३० अंशांचा कोन, पण लहान आणि सुटला तरी इजा होणार नाही असा. झाडं, दगड, पायवाट, कड्याची धार यांपासून दूर. आधी प्रोबने चार-पाच ठिकाणी खोली पाहा. सर्वांत खोल जागा निवडू नका. कच्चे थर पातळ बर्फात जास्त मिळतात, आणि माणसाचं वजनही तिथेच त्यांच्यापर्यंत पोहोचतं.

खणणं. दीड मीटर रुंद आणि सव्वा मीटरच्या आसपास खोल. माणसाच्या वजनाचा परिणाम बहुतेक वरच्या एक मीटरपर्यंतच जाणवतो, त्यामुळे दर वेळी जमिनीपर्यंत जायची गरज नाही. वरची भिंत सरळ, गुळगुळीत, उन्हापासून आडोशाला ठेवा. त्या भिंतीच्या वरच्या बर्फावर कोणी उभं राहू नये. चाचणी तिथेच घ्यायची आहे.

थर वाचणं. एक जाड कार्ड वरून खाली सरळ ओढा. कुठे हात अडतो, कुठे झरकन जातो ते लक्षात येईल. मग प्रत्येक थरात सौम्य, सारखा दाब देऊन बघा: मूठ आत जाते, चार बोटं जातात, एक बोट, पेन्सिल, की फक्त सुरी? चार बोटांच्या थराखाली मुठीचा थर, म्हणजे कडक बर्फाखाली मऊ, ही जोडी शोधायची. मऊ थराचे कण काळ्या कार्डावर घेऊन भिंगातून बघा. एक-दोन मिलिमीटरचे, कडा असलेले, चकाकणारे दाणे असतील तर तो जुना कच्चा थर.

विस्तारित खांबाची चाचणी. उताराला आडवा ९० सेंटीमीटर आणि वरच्या दिशेने ३० सेंटीमीटर असा खांब करवतीने किंवा गाठींच्या दोरीने मागून आणि बाजूंनी पूर्ण मोकळा करा. एका टोकाला फावड्याचं पातं सपाट ठेवा. दहा थापा फक्त मनगटातून, दहा कोपरातून, दहा खांद्यातून. हात आपल्या वजनाने पडू द्या, मारू नका. रागावलेला माणूस आणि थकलेला माणूस यांच्या थापा वेगळ्या पडतात, आणि निकालही वेगळा येतो.

बघायचं एवढंच: भेग पडल्यावर ती त्याच किंवा लगेच पुढच्या थापेला खांबाच्या दुसऱ्या टोकापर्यंत जाते का? गेली तर कच्च्या थरात मोड पसरू शकते, आणि उतार रद्द. कितव्या थापेला गेली हे दुय्यम. भेग फावड्याखालीच थांबली तर थोडं बरं. काहीच झालं नाही तर त्या एका जागी काही झालं नाही, एवढंच.

सावधान: मीटरभराहून खोल असलेल्या थरापर्यंत थापा पोहोचत नाहीत. वरचे वीस-पंचवीस सेंटीमीटर अगदी भुसभुशीत असतील तरी निकाल भरवशाचा नसतो. बुलेटिन 'खोल जुना थर' म्हणत असेल आणि तुमचा खांब पडला नसेल, तर बुलेटिन मानावं.

## टप्पा ७: उतार ओलांडायचाच असेल तर

सगळं पाहून उतार स्वीकारला. आता शिस्त लागते ती चालण्यात. तीव्र उतारावर एका वेळी एकच जण. बाकीचे सुरक्षित जागेवरून त्याच्याकडे बघत राहतात. गप्पा नाहीत, फोटो नाहीत. लांब चढावर प्रत्येकात किमान दहा मीटर अंतर ठेवा म्हणजे बर्फावरचा ताण विभागला जातो. काठ्यांचे पट्टे मनगटातून काढा. आडवं जायचं असेल तर शक्य तितक्या वरून जा, म्हणजे डोक्यावर बर्फ कमी राहतो. फुगीर, गोलाईचा भाग टाळा. थांबायची जागा खडकाच्या आड किंवा धारेवर, कधीच दुसऱ्याच्या खाली नाही.

आधीचे पायठसे सुरक्षिततेचा पुरावा नाहीत. स्लॅबची जाडी जागोजागी बदलते. पातळ जागेवर पाय पडेपर्यंत बरेच जण पार झालेले असतात.

ओल्या बर्फाच्या दिवसांत घड्याळ पाहा. रात्र निरभ्र असेल तर पृष्ठभाग घट्ट गोठतो. ढगाळ रात्री तो नीट गोठत नाही, मग पहाटे निघूनही उपयोग होत नाही. घोट्यापर्यंत पाय रुतू लागला की परतीची वेळ झाली. गुडघ्यापर्यंत रुतू लागला तर उशीर झालेला आहे.

आणि एकमेकांचं ऐका. स्खलनात सापडलेल्यांपैकी बहुतेकांच्या पायाखालचा स्लॅब त्यांनी स्वतः किंवा त्यांच्याच सोबत्याने सोडलेला असतो. निघण्याआधी सर्वांत नवख्या माणसाला आधी बोलू द्या. अनुभवी माणूस 'चला' म्हणाल्यावर तो तोंड उघडणार नाही.

## टप्पा ८: कोणी गाडलं गेलं तर

पहिल्या दहा मिनिटांत बाहेर काढलेल्या दहांपैकी सुमारे नऊ जण वाचतात. अर्ध्या तासाला ते प्रमाण एकतृतीयांशाच्या आसपास येतं. मदत पथक इतक्या लवकर पोहोचत नाही. जे करायचं ते तिथे उभ्या असलेल्यांनीच.

१. वरून दुसरं स्खलन येऊ शकतं का, पाहा. एक जण सूत्रं घेतो. माणूस शेवटचा कुठे दिसला ती जागा डोळ्यांत पक्की धरा.
२. माणसं पुरेशी असतील तर एक जण लगेच मदतीसाठी फोन करतो. एकटे उरला असाल आणि फोन लगेच लागत नसेल, तर आधी शोध.
३. सगळ्यांची बीकनं शोधावर. एक जरी प्रक्षेपणावर राहिलं तरी सगळे त्याच्याच मागे धावतात.
४. पृष्ठभागावर हातमोजा, काठी, बूट दिसतोय का? दिसला की ओढून बघा. माणूस त्याला जोडलेला असू शकतो.
५. बीकनच्या क्षमतेनुसार पट्ट्या पाडून शोधा. दोघांमध्ये साधारण ४० मीटर, कडेपासून २०. सिग्नल मिळाल्यावर बाणाच्या मागे. दहा मीटरच्या आत आलात की वेग कमी, तीन मीटरच्या आत बीकन बर्फाला टेकवून, त्याची दिशा न बदलता, सावकाश आडवं-उभं.
६. सर्वांत कमी आकड्यापाशी प्रोब, उताराच्या पृष्ठभागाला काटकोनात. लागला नाही तर २५ सेंटीमीटरच्या अंतराने चक्राकार बाहेर. लागल्यावर प्रोब काढू नका.
७. प्रोबच्या खालच्या बाजूने, गाडलेल्या खोलीच्या दीडपट अंतरावरून आत खणत या. बर्फ उचलून फेकू नका, वल्ह्यासारखा मागे ढकला. पुढचा माणूस दर मिनिटाला बदला.
८. आधी तोंड आणि छाती मोकळी. श्वास नसेल तर लगेच कृत्रिम श्वास आणि छातीवर दाब. शरीर आडवं ठेवा, झटके देऊ नका, ओल्या कपड्यांवरून वारा अडवा.

सरावात लोक बीकनचीच कसरत करतात. वेळ मात्र खणण्यात जातो: एक मीटर खोल गाडलेल्या माणसासाठी टनभर, कधी त्याहून जास्त, दगडासारखा घट्ट झालेला बर्फ उपसावा लागतो. पुढच्या सरावात एक भरलेली सॅक मीटरभर खोल पुरा आणि घड्याळ लावून काढा.

## टप्पा ९: परतल्यावर पाच मिनिटं

बीकनची बॅटरी किती टक्के उरली ते पाहा, प्रोब आणि करवत पुसून वाळवा. मग वहीत लिहा: कोणत्या उंचीवर, कोणत्या दिशेला काय दिसलं, कुठे 'धप्प' झालं, खड्ड्यात कोणता थर किती खाली होता.

सगळ्यात शेवटी आजचा पृष्ठभाग कसा होता ते लिहा. रात्र निरभ्र, शांत आणि दमट असेल तर पहाटे बर्फावर पिसांसारखे पातळ, उभे स्फटिक उगवलेले दिसतात. उन्हात ते सुंदर चमकतात आणि पायाखाली काचेसारखे किणकिणतात. वाऱ्याने किंवा उन्हाने ते मोडण्याआधी त्यांच्यावर नवा बर्फ पडला, तर पुढचे कित्येक आठवडे तोच कच्चा थर असतो. वहीत त्या पहाटेची तारीख असेल, तर पुढच्या खड्ड्यात तो किती खाली शोधायचा हे आधीच ठाऊक असेल.